मनपा शाळेत मूल घालताय? सांगली-मिरज-कुपवाडच्या पालकांसाठी एकत्र माहिती

खणभागची_आई

माझी मुलगी मनपाच्या शाळेत तिसरीला आहे आणि मी तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीत आहे. समितीत बसायला लागल्यापासून एक गोष्ट फार बोचते. मुलांसाठी येणारं पुष्कळ काही असतं, पण जो पालक विचारतो त्याच्याच पोरापर्यंत ते नीट पोचतं. धुणी-भांडी करणारी, हमालीला जाणारी माणसं शाळेच्या दारातनंच परत फिरतात, कारण आपल्याला काही मागायचा हक्क आहे हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून हा धागा. मला पक्कं माहीत आहे तेवढं मी लिहिते, बाकीच्यांनी भर घाला.

पहिलीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला मुलाला सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत. शाळा साधारण १५ जूनला सुरू होते, पण एप्रिलमध्येच शाळेत पूर्वतयारीचा मेळावा असतो. त्याला मुलाला घेऊन जरूर जा. रंग ओळखणं, उड्या मारणं, वस्तू मोजणं असलं काय काय करून घेतात आणि घरी काय सराव घ्यायचा ते आईला समजावून सांगतात. ही प्रवेश परीक्षा नव्हे. मुलाची किंवा आईबापाची परीक्षा घेऊन प्रवेश ठरवायला कायद्यानं बंदी आहे, मग शाळा मनपाची असो की खाजगी.

फी नाही. बालभारतीची पुस्तकं फुकट. गणवेशाचे दोन जोड फुकट, आणि २०२३ पासून दारिद्र्यरेषेच्या वरच्या मुलग्यांनाही गणवेश आणि सगळ्यांनाच बूट-मोजे देण्याचा राज्याचा निर्णय आहे. २०२४ मध्ये राज्यभर एकच गणवेश शिवून वाटायचं ठरलं होतं. त्यात उशीर झाला, मापं चुकली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात गणवेशाचं काम परत शाळा व्यवस्थापन समितीकडं आलं. म्हणजे कापड कसलं, शिलाई कुणाकडं, हे समितीत बसलेल्या आयाबाया ठरवू शकतात. आमच्या समितीत आम्ही कापड हातात घेऊन, धुऊन बघितल्याशिवाय सही करत नाही.

या समितीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझ्या मते सगळ्याची किल्ली तिथंच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. अध्यक्ष पालकांतला, सचिव मुख्याध्यापक. दर दोन वर्षांनी समिती नव्यानं होते. तुमच्या शाळेत ती कधी बसते, इतिवृत्त कुठं ठेवतात, हे विचारा. 'तुम्ही फक्त सही करा ताई' असं म्हणत असतील तर आधी वाचून दाखवा म्हणा. मी म्हटलं, आणि वाचून दाखवलं.

कुपवाडकर_८९

ताई, चांगलं काम केलं. एक अडचण आहे. आम्ही मूळचे जतकडचे, एमआयडीसीत कामाला आलो ते दिवाळीनंतर. पोरगा दुसरीत होता. इथल्या एका शाळेत गेलो तर म्हणाले, वर्ष निम्मं संपलं, आता जूनमध्ये या. गावच्या शाळेचा दाखलाही अजून आणलेला नाही. सुट्टी घेतली की दिवसाचा पगार जातो. पोरगं खोलीवर बसून आहे. काय करायचं?

फळ्यासमोर

कुपवाडकर दादा, मी शिक्षक आहे, मनपा शाळेतच. जूनची वाट बघू नका, उद्याच जा.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम १५ सांगतं की प्रवेशाची मुदत संपली म्हणून मुलाला नाकारता येत नाही. कलम ५ सांगतं की एका शाळेतनं दुसरीकडं जाताना दाखला यायला उशीर झाला, या कारणानं प्रवेश अडवता किंवा लांबवता येत नाही. मुलगा आधी वर्गात बसेल, दाखला मागनं येईल. गावच्या शाळेचं नाव सांगितलं की मुख्याध्यापक यू-डायसवरनं, म्हणजे शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीवरनं, त्याची नोंद ऑनलाइन मागवून घेऊ शकतात. तुम्हाला जतला हेलपाटा मारायची गरज पडू नये.

जन्माचा दाखला नसेल तरी कलम १४ प्रमाणं अडवता येत नाही. दवाखान्यातली नोंद, अंगणवाडीतली नोंद किंवा पालकानं स्वतः लिहून दिलेलं वय चालतं. आधारचंही तेच. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की आधार नाही म्हणून शाळेचा प्रवेश नाकारायचा नाही. मात्र प्रवेश झाल्यावर आधार काढून घ्या. शिक्षकांची पदं मंजूर होताना ३० सप्टेंबरचा पट, म्हणजे मुलांची संख्या, बघतात आणि त्यात आधार जुळलेली मुलं धरतात. पट घसरला की पद जातं आणि एकाच शिक्षकाकडं दोन वर्ग येतात. आधार जुळणं शाळेचं काम आहे, त्याचा बोजा मुलाच्या डोक्यावर नको, पण तुम्ही हातभार लावला तर वर्गाला शिक्षक राहतो, एवढंच सांगायचंय.

आणखी एक. खाजगी शाळेची फी थकली म्हणून दाखला अडवून ठेवलाय, मूल घरी बसलंय, अशा आया दर वर्षी माझ्याकडं येतात. आठवीपर्यंतच्या मुलाला मनपा शाळेत घ्यायला त्या दाखल्याची वाट बघावी लागत नाही. फीचं भांडण मोठ्यांनी मोठ्यांत मिटवावं. लेकराचं वर्ष का जावं त्यात?

कुपवाडकर_८९

आणि ते परत नाही म्हणाले तर?

फळ्यासमोर

तर लेखी अर्ज द्या. 'माझ्या मुलाला दुसरीत प्रवेश मिळावा' एवढं एका कागदावर लिहून, दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का मागा. अर्ज हातात आला की बहुतेक ठिकाणी विषय तिथंच संपतो. नाही संपला तर ती प्रत घेऊन मनपाच्या प्राथमिक शिक्षण विभागात प्रशासनाधिकाऱ्यांकडं जायचं. जुनी माणसं अजून 'शिक्षण मंडळ' म्हणतात, तेच ते.

टिंबर_एरिया

दाखल्यांचा विषय निघालाय म्हणून लिहितो. आपल्या गावात कागद पुरात जातात, हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. इशारा पातळी ४०, धोका पातळी ४५. मग २०२१ च्या जुलैत परत. आमच्या घरात पत्र्याच्या पेटीतले सगळ्यांचे दाखले लगदा होऊन गेले.

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तुमची नोंद कायम असते. त्यावरनं शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत मिळते, अर्ज आणि प्रतिज्ञापत्र लागतं. जातीच्या दाखल्यासाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेतल्या नोंदीचा उतारा लागतो, तोही याच रजिस्टरमधनं निघतो. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका कोल्हापूर विभागीय मंडळाकडं मागायच्या. जन्मदाखला जिथं जन्म झाला तिथल्या नोंदणी कार्यालयात. मूल मिरजेच्या दवाखान्यात जन्मलं असेल तर आपल्याच महापालिकेकडं.

नदीकाठच्यांना कळकळीनं सांगणं आहे, मे महिन्यातच सगळ्या कागदांचे फोटो काढून स्वतःच्याच ई-मेलवर टाकून ठेवा. शामरावनगर, दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोड, सांगलीवाडी, सगळ्यांनीच. पुस्तकं भिजली तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पहिलीपासूनची सगळी पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात.

खणभागची_आई

याला जोडून. पुरात मनपाच्या शाळा निवारा केंद्रं होतात आणि ते व्हायलाच हवं. पण पाणी उतरल्यावर चिखल काढून वर्ग परत भरेपर्यंत जे दिवस जातात त्यांचा हिशेब समितीनं मागितला पाहिजे. पहिली ते पाचवीला वर्षात २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे, असं कायदाच म्हणतो. शनिवारी पूर्ण वेळ शाळा घेऊन, सुट्टी थोडी कापून ते भरून काढता येतात.

मिरज_शनिवारपेठ

अस्सलामु अलैकुम आणि नमस्कार. माझी लेक उर्दू माध्यमातनं शिकली, आता अकरावीला आहे. तिला आठवीत एनएमएमएस ही परीक्षेतनं मिळणारी केंद्राची शिष्यवृत्ती मिळाली. ही परीक्षा मनपा शाळेतल्या किती पालकांना माहीत आहे, सांगा बरं? आमच्या गल्लीत एकालाही नव्हती. तिच्या सरांनी घरी येऊन सांगितलं म्हणून फॉर्म भरला.

आठवीत शिकणाऱ्या मुलांसाठी आहे. आईवडिलांचं दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीत ५५ टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ५० टक्के. निवड झाली की नववी ते बारावी महिन्याला १,००० रुपये, म्हणजे वर्षाला १२,०००, चार वर्षं. दोन पेपर असतात, प्रत्येकी ९० गुणांचे. एक बुद्धिमत्तेचा, दुसरा विज्ञान, समाजशास्त्र आणि गणिताचा. खाजगी विनाअनुदानित शाळेतल्या मुलांना ही परीक्षा देताच येत नाही. फक्त सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांसाठी आहे. मनपा शाळेत शिकल्याचा हा सरळ फायदा आहे आणि आपलीच मुलं त्याला बसत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

आता खाचाखोचा. निवड यादीत नाव आलं म्हणजे पैसे आले असं नाही. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावा लागतो आणि दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. मुलाचं बँक खातं आधारला जोडलेलं हवं. आधारवरचं नाव, शाळेतलं नाव आणि बँकेतलं नाव यात एका अक्षराचा फरक असला तरी अडकतं. उर्दू नावांचं इंग्रजी स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं असतं, तेवढं सातवीतच सरळ करून घ्या. आणि आठवीनंतर मूल विनाअनुदानित शाळेत घातलं की शिष्यवृत्ती बंद. आपल्या बऱ्याच मनपा शाळा सातवी-आठवीला संपतात, त्यामुळं नववीची शाळा निवडताना ती अनुदानित आहे का हे आधी विचारा. दहावीला ६० टक्के पडले तरच पुढं अकरावी-बारावीचे पैसे येतात. अनुसूचित जाती-जमातींना ५५.

आमच्या लेकीच्या पैशातनं तिची नववी-दहावीची पुस्तकं, बसचा पास, सगळं भागलं. माझ्या शिलाईच्या कामावर ते झालं नसतं.

फळ्यासमोर

आपा, फार महत्त्वाचं लिहिलंत. तुमच्या गल्लीतल्या सातवीच्या मुलांची नावं मला कळवा, रविवारी सराव घ्यायला मी येतो. परीक्षा अलीकडं डिसेंबरात होते, म्हणजे तयारी सातवीच्या सुट्टीतच सुरू व्हायला हवी.

राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्तीही विसरू नका. ती बरीच वर्षं पाचवी-आठवीला होती, २०२५ मध्ये सरकारनं परत चौथी-सातवीला न्यायचं ठरवलं. त्यामुळं तिसरीतल्या आणि सहावीतल्या मुलांच्या पालकांनी आत्ताच वर्गशिक्षकांना गाठा. पलूसच्या नवोदयसाठी, म्हणजे केंद्राच्या निवासी शाळेसाठी, पाचवीत असताना अर्ज करायचा असतो. तिथं किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना आहेत, उरलेल्यांत शहरातली मुलं येतात. स्पर्धा तगडी आहे, तरी बसवा.

विश्रामबागकर

सगळं ठीक आहे, पण स्पष्ट बोलतो. शिक्षण हक्क कायद्यानं खाजगी शाळांत राखीव ठेवलेल्या २५ टक्के जागांत चांगली इंग्रजी शाळा फुकट मिळत असताना मनपा शाळेत का घालायचं? मी माझ्या मुलासाठी अर्ज भरला आणि नंबर लागला. गरिबांना हा रस्ता सांगितला पाहिजे.

खणभागची_आई

सांगितलाच पाहिजे, दादा. तो त्यांचा हक्क आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारनं नियम बदलून जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळांना यातनं सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयानं १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द केला, म्हणून तुमच्या-आमच्या मुलांना ही वाट मोकळी राहिली. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी, दिव्यांग मुलं वंचित गटात येतात, त्यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना वर्षाला एक लाखाच्या आतला दाखला लागतो. अर्ज ऑनलाइन, आणि सोडतीत नंबर.

पण दोन गोष्टी आधी डोक्यात असू द्या. ही सवलत आठवीपर्यंतच आहे, नववीची फी तुम्हालाच भरायची. आणि घरात इंग्रजी समजणारं कुणी नसलं की पहिलीपासूनचा अभ्यास शिकवणीवर जातो. माझ्या जावेच्या मुलाचं तेच झालं, फी माफ झाली पण शिकवणीला दर महिन्याला पैसे मोजावे लागले. माझी मुलगी मराठी वाचायला लागली तेव्हा मी तिच्या शेजारी बसून चूक-बरोबर सांगू शकले. हे मला लाखमोलाचं वाटतं.

विश्रामबागकर

शिकवणीचं खरं आहे, आमच्याकडंही चालू आहे. नववीचं मात्र मी धरलंच नव्हतं. बघतो.

सांगलीवाडीची_ताई

माझा मुलगा पहिलीत गेला तेव्हा बोलायचा कमी. सगळे म्हणायचे, बोलेल हळूहळू. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं, त्यांनी ऐकण्याचा संशय सांगितला आणि सिव्हिलला पाठवलं. एका कानाला फार कमी आणि दुसऱ्याला थोडं कमी ऐकू येतं, असं निघालं. त्या पथकाला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम म्हणतात. अंगणवाडीत वर्षातनं दोनदा आणि शाळेत एकदा येतं, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं, आणि पुढचा उपचार, अगदी हृदयाची शस्त्रक्रियासुद्धा, मोफत करून देतं. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका, एवढंच हात जोडून सांगते. तारीख आधी विचारून ठेवा.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन नोंदणी करून सिव्हिलला तपासणीला जायचं, मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र येतं. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात स्वमग्नता आहे, वाचन-लेखनाची अडचणही आहे. ४० टक्के किंवा जास्त असेल तर १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा तुमच्या पसंतीच्या विशेष शाळेत. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतनं श्रवणयंत्र, चष्मा, व्हीलचेअर, प्रवास भत्ता मिळतो आणि विशेष शिक्षक शाळेत भेट देतात. अर्ज मुख्याध्यापकांमार्फत. माझ्या मुलाला बाईंनी पहिल्या बाकावर, चांगला कान त्यांच्याकडं येईल असं बसवलं. त्याला पैसे लागले नाहीत की अर्ज लागला नाही, पण सगळ्यात जास्त फरक त्यानंच पडला.

निवृत्त_गुरुजी

या ताईंचं वाचून बरं वाटलं. मी पैशाबद्दल लिहितो, कारण समितीतले पालक तिथंच गप्प होतात.

समग्र शिक्षातनं शाळेला दर वर्षी एकत्रित अनुदान येतं, ते पटावर ठरतं. पट ३० पर्यंत असेल तर १०,००० रुपयांपर्यंत, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, हजारापर्यंत ७५,००० आणि त्यापुढं एक लाख. यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्च व्हायला हवा. म्हणजे मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, नळाला पाणी नाही, त्यासाठी पैसे नाहीत, हे उत्तर मान्य करू नका. ग्रंथालयासाठी प्राथमिक शाळेला ५,०००, आठवीपर्यंत वर्ग असतील तर १३,००० पर्यंत. खेळाच्या साहित्यासाठी प्राथमिकला ५,०००, उच्च प्राथमिकला १०,००० पर्यंत. पुस्तकं कपाटात कुलूप लावून ठेवली असतील तर चावी मागा. मी मुख्याध्यापक असताना चावी सातवीच्या मुलींकडं दिली होती. एकही पुस्तक हरवलं नाही, आणि हरवलं असतं तरी वाचल्यामुळं हरवलं असतं.

पोषण आहाराचंही माप ठरलेलं आहे. पाचवीपर्यंत रोज १०० ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवी १५० ग्रॅम, ७०० कॅलरी, २० ग्रॅम. मुलांना वाढायच्या आधी शिक्षकानं आणि शक्यतो एखाद्या पालकानं चव घ्यायची आणि नोंदवहीत लिहायचं असतं. पालकांनी पाळी लावून घ्यावी. आई येऊन चव घेते हे कळलं की डाळ पातळ होत नाही.

खणभागची_आई

गुरुजी, अनुदानाचे आकडे पुढच्या बैठकीत मी कागदावर घेऊन जाते.

संजयनगर_मावशी

माझ्या नातवाचा बाप गेला, आई धुण्याभांड्याला जाते. मला लिहिता येत नाही, शेजारची पोरगी टाइप करतीय. नातू पाचवीत आहे. कुणी म्हणतंय आता पाचवीला नापास करतात आणि शाळेतनं काढतात. खरं हाय का वो?

फळ्यासमोर

मावशी, शाळेतनं कुणीही काढू शकत नाही. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला काढून टाकायला कायद्यानं बंदी आहे. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली, हे खरं. २०२३ मध्ये राज्यानं नियम केला. नापास झाला तर जादा शिकवून पुन्हा परीक्षा घ्यायची असते. तीही गेली तरच त्या वर्गात परत बसावं लागतं. कुठल्या विषयात मागं आहे ते बाईंना आत्ताच विचारा, मार्चपर्यंत थांबू नका.

आणि दुसरं. वडील नसलेल्या मुलांना बाल संगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात, अठरा वर्षांचा होईपर्यंत. सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची ही योजना महिला व बालविकास खात्याची आहे. वडिलांचा मृत्यूदाखला, मुलाचं आधार, शाळेचं बोनाफाईड, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि बँक पासबुक एवढं गोळा करा. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात. अर्जाला पैसे पडत नाहीत, कुणी मागितले तर देऊ नका. तुमच्या अंगणवाडीच्या ताईंना सोबत न्या.

संजयनगर_मावशी

बोनाफाईड कुणाकडं मागायचं?

फळ्यासमोर

नातवाच्या शाळेतच, मुख्याध्यापकांकडं. कशासाठी हवंय तेवढं सांगा.

सांगलीवाडीची_ताई

मावशी, अर्ज लिहायला मी येते. संजयनगरला माझी बहीण राहते, गुरुवारी सकाळी तिकडंच असते. शेजारच्या मुलीला मला निरोप पाठवायला सांगा.

कुपवाडकर_८९

सर, आज अर्ज घेऊन गेलो. पोच मागितली. पोरगा सोमवारपासनं वर्गात बसणार, दाखला ते ऑनलाइन मागवतायत. पुस्तकं लगेच दिली, गणवेश समितीच्या बैठकीनंतर म्हणाले. आमच्या चाळीत आणखी चार पोरं अशीच घरी आहेत, बिहारची दोन, सोलापूरकडची दोन. बिहारच्या पोरांना मराठी येत नाही, त्यांना घेतील का?

फळ्यासमोर

घ्यायलाच हवं, वयाप्रमाणं योग्य वर्गात. चौघांचे अर्ज वेगवेगळे लिहा आणि प्रत्येकाची पोच घ्या. भाषेचं शाळा बघेल, पहिले काही महिने तुमच्या मुलाला त्यांच्याशेजारी बसवायला सांगा.